तोंडाला हात न लावता

"तुले काय समजते त्यातलं?" हे वाक्य झुंबरबाईने जन्मभर इतक्यांदा ऐकलं होतं, की एव्हाना तिला त्याचं काही वाटायला नको होतं. पण वाटायचं. दर वेळी वाटायचं. कानशिलं तापायची, आणि मग ती बाई कोणाच्या बापाचं ऐकायची नाही.

उंद्रीपासून दोन कोसांवर बोरटेक नावाचं खेडं आहे, तिथल्या रामरावची ती बायको. माहेर बीबीचं, शिक्षण चौथी पास, वय पस्तिशीच्या आसपास. सहा एकर कोरडवाहू आणि विहिरीखाली वांगी-मिरचीचं अर्धं एकर. रामराव गरीब स्वभावाचा माणूस. घरात शब्द चालायचा तो त्याच्या थोरल्या भावाचा, उकंडरावांचा. ते शाळेच्या कमिटीवर होते, आणि त्यांची सावली अंगणात पडली तरी झुंबरबाई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून भिंतीला लागायची. अठरा वर्षांत भासऱ्यांनी, म्हणजे या थोरल्या दिरांनी, तिचं कपाळ पाहिलं नव्हतं. तशी रीतच होती.

त्या साली माणूस चंद्रावर जाऊन आला. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ती बातमी ऐकून निम्म्या गावाने माना डोलावल्या आणि निम्म्याने "हॅट, बंडल मारून राह्यले!" म्हणून तंबाखू मळली. मनावर घेतलं ते एकट्या इंद्रभान मास्तरने. हा शाळेतला विज्ञानाचा मास्तर, अकोल्याहून बी.एस्सी. झालेला, सव्वीस वर्षांचा, सायकलवर बसला तरी विचारात गढलेला. जानेवारीत बुलढाण्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि त्याला तिथे अंतराळवीराचा पोशाख मांडायचा होता.

दसऱ्यानंतरची गोष्ट. हरभऱ्याची पेरणी चालली होती. रामराव बैल हाकत होता आणि मागे झुंबरबाई तिफणीवर मूठ धरून चालली होती. म्हणजे एक हात चाड्यावर, त्या लाकडी वाटीत मुठीतून दाणे सोडायचे, आणि दुसरा हात कमरेच्या ओटीत, नवे दाणे काढायला. मास्तर बांधावर सायकल टाकून आला.

"वैनी, जुनी गोधडी असंल तर पाह्यजे होती. पोशाखाले."

"देते की. संध्याकाळी या घरी."

पण मास्तरला बोलायला कोणीतरी हवंच होतं. तो तिफणीच्या कडेने ढेकळं तुडवत चालू लागला आणि आपलं दुखणं सांगू लागला. पोशाख होईल, पण त्यात माणूस जेवणार कसा? एकदा अंगात चढवला की सात-सात, आठ-आठ तास उतरवता येत नाही. डोक्यावर बंद टोप. हात हातमोज्यांत. पोट तर माणसाचंच आहे ना! त्याने स्वतः नळीतून पातळ पिठलं ओढून पाहिलं होतं, ते नाकात गेलं आणि दोन दिवस सगळ्या दुनियेला हिंगाचा वास येत होता.

"म्हंजे तोंडापर्यंत हात जात नाई म्हणता?"

"हात आत घेताच येत नाही हो वैनी. लई अवघड सवाल हाय. तुमाले नाही समजायचं."

झालं! झुंबरबाईने थांबायला पाहिजे होतं का? ती थांबली नाही. पेरणीचा तास, म्हणजे ओळ, अर्ध्यात सोडत नाहीत. तिने चालता चालता नुसती मान डाव्या खांद्याकडे वळवली. तिथे लुगड्याच्या घडीत एक कापडी नळकांडं टाचलेलं होतं आणि त्यातून बोटभर जाडीची तांबूस पट्टी वर डोकावत होती. तिने दातांनी तिचा तुकडा तोडला. एक हात चाड्यावरच होता, दुसरा ओटीतच होता. दाणा खंडला नाही.

"हे पाहा," ती चावत चावत म्हणाली. "समजलं का?"

मास्तर ढेकळात पाय अडकून पडता पडता राहिला.

तिच्या माहेरची ती रीत. ज्या हाताने बी धरलं, तो हात शेत सरेपर्यंत तोंडाला लावायचा नाही. हात उष्टा झाला की बी उष्टं झालं, आणि उष्टं बी उगवत नाही. खरं-खोटं देव जाणे, पण बीबीच्या बाया पाळायच्या. म्हणून उपाशी मरायचं का? मुळीच नाही. ज्वारीचं पीठ भाजायचं, दाण्याचं कूट, गूळ, थोडा डिंक घालून त्याची पट्टी थापायची आणि खांद्याशी टाचायची. आजीने आईला दाखवली, आईने तिला.

त्या दिवसापासून गोधडीच काय, सगळा पोशाखच झुंबरबाईच्या ओसरीवर आला. कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून बाया टोपली थापतात ना, तसा तिने मोठ्या माठावर टोप थापला. पुढच्या खिडकीला मास्तरने चिखलीच्या डॉक्टरकडून एक्स-रेची जुनी फिल्म आणून, सोड्याच्या पाण्यात धुऊन, काचेसारखी करून लावली. मागे श्वासाला भोकं. पाण्याला सायकलच्या ट्यूबची पिशवी, दातांत नळी दाबली की घोट यायचा.

पट्टीने मात्र रडवलं. मास्तर म्हणाला, वर अंतराळात भुगा खाली पडत नाही, तरंगत राहतो, डोळ्यात जातो, नाकात जातो. भुगा एक कण चालायचा नाही. झुंबरबाईने डिंक वाढवला, तर पट्टी अशी झाली की रामरावचे वरचे दात खालच्या दातांना चिकटले आणि तो अर्धा दिवस गुपचूप बसला. गूळ वाढवला तर मुंगळे लागले. शेवटी तिने उन्हाळ्यातली आंबापोळी काढली आणि पट्टी तिच्यात गुंडाळली. वेष्टणासकट खायचं! भुगा आतल्या आत राहायचा, फेकायला काही उरायचं नाही. खाली इलॅस्टिकचा तुकडा शिवला, म्हणजे घास तोडून सोडला की उरलेली पट्टी आपोआप नळकांड्यात मागे जायची. अशी तीन नळकांडी तिने टोपाच्या काठाला आतून शिवली.

आणि माप? माप तिने स्वतःच्या डोक्याचं घेतलं. दार लावून, पदर काढून, चुलीपुढे बसून. तिथे कोण पाहायला येतंय?

"वैनी," मास्तर एकदा म्हणाला, "पाटीवर 'कल्पना' म्हणून तुमचं नाव लिहीन मी. पहिला नंबर आला तर तेच नाव मुंबईच्या प्रदर्शनात लागंल."

झुंबरबाई सुईत दोरा ओवत होती, तो चार वेळा हुकला. तिचं नाव कुठेच नव्हतं. सातबाऱ्यावर रामराव, रेशनकार्डावर रामराव, विहिरीच्या दगडावर सासऱ्यांचं. गावात ती 'रामरावच्या घरची' होती. तिने 'बरं' एवढंच म्हटलं, पण त्या दिवसापासून तिला ते नाव पाहिजे होतं. भूक लागावी तसं पाहिजे होतं. इथे लपवण्यासारखं काही नाही.

प्रदर्शनाला ती गेली ती बायांच्या विभागात लोणची-पापड मांडायला म्हणून. गावच्या जनकाबाईबरोबर ट्रकमध्ये बसून बुलढाण्याला उतरली, आपल्या बरण्या मांडायच्या आधी तडक विज्ञानाच्या दालनात गेली आणि पोशाखाशेजारचा काळा फळा वाचला. रंगीत खडूने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'अंतराळवीराचे भोजन. कल्पना : नारायणराव, मुख्याध्यापक. मांडणी : इंद्रभान, बी.एस्सी.' आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: 'ग्रामस्थांचे सहकार्य.'

तिने दोनदा वाचलं. चौथी पास बाई, चुकायला नको म्हणून.

"मास्तर, हे काय हाय?"

इंद्रभान मास्तरची मान खाली. बोलले ते हेडमास्तर नारायणराव. गोरा, भरलेला माणूस, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. "अहो बाई, बाईमाणसाचं नाव असं चारचौघांत फळ्यावर बरं दिसतं का? घरच्यांची अब्रू असते. आणि लिहिलंय की, ग्रामस्थांचे सहकार्य. त्यात तुम्ही आल्याच."

"ग्रामस्थांनं नाई शिवलं ते. म्या शिवलं."

"शिवणं निराळं, कल्पना निराळी. तुले काय समजते त्यातलं?"

पाहा, म्हटलं ना मी. कानशिलं तापली. पण शेजारी उकंडराव कमिटीच्या लोकांसोबत उभे होते. तिने पदर ओढला आणि मागे सरकली.

अकराच्या सुमारास परीक्षक आले. अकोल्याच्या कॉलेजातले प्राध्यापक, वाळकेसे, चष्मेवाले, फालतू बोलणं नाही. "माणूस आत घालून दाखवा," ते म्हणाले.

मास्तर पुढे झाला, तर हेडमास्तरांनी त्याला हाताने मागे सारलं. एवढे लोक जमलेले, फोटोवाला उभा. ते कशाला सोडतात? पोशाख अंगात चढवला आणि टोप घातला. टोपीवरून घातला! उघड्या डोक्याने माणूस चारचौघांत उभा राहतो तो घरात कोणी वारलं तरच. नारायणरावांसारखा माणूस परीक्षकांपुढे टोपी काढणार होता थोडाच! मास्तर कुजबुजला, "सर, टोपी..." तर आतून आवाज आला, "गप बैस!"

आता टोप होता झुंबरबाईच्या डोक्याच्या मापाचा. तो टोपीवर टेकला आणि चार बोटं वरच राहिला. जी पट्टी ओठांखाली यायची ती गेली गालावर. हेडमास्तरांनी मान वळवली तर टोक नाकपुडीत. मान खाली घातली तर डोळ्यात. जीभ काढली, हनुवटी काढली, हात वर नेले तर हातमोजे टोपावर आपटले. पोरं खिदळू लागली. दहा मिनिटांनी नारायणराव घामाघूम होऊन बाहेर आले, गालाला गूळ, आणि म्हणाले, "नमुना सदोष आहे. शिवण्यात चूक झाली बाईची."

हे त्यांनी बोलायला नको होतं.

परीक्षकांनी पेन काढलं. ते वहीत काय लिहिणार हे झुंबरबाईला दिसत होतं. ती पुढे आली. समोर उकंडराव, अवतीभोवती सगळा जिल्हा. भीती नव्हती असं कोण म्हणेल? तिने पदर धरला आणि डोक्यावरून खाली घेतला. नीट खोचला कमरेला.

मागची पोरं टाचा उंचावून पाहू लागली.

"इंद्रभान!" उकंडराव गरजले. तिच्याशी थेट बोलायची रीत नव्हती म्हणून मास्तरवर गरजले. "काय करून राह्यली हे? सांगा तिले, पदर घे म्हणा!"

"मास्तर, थोरल्यांना सांगा," झुंबरबाई म्हणाली, आणि अठरा वर्षांत भासऱ्यांनी तिचा आवाज प्रथमच एवढा मोठा ऐकला, "पदरावरून टोप बसत नाई. टोपीवरून तरी कुठं बसला?"

तिने पोशाख चढवला आणि टोप घातला. तो खांद्यावर जागच्या जागी बसला. दोन्ही हात तिने समोर लांब केले आणि मान वळवली. खिडकीतून सगळ्यांना दिसलं: एक घास. चावला. गिळला. पाण्याचा घोट. पुन्हा घास. पट्टी मागे जाते, पुन्हा येते. परीक्षक टोपाच्या खिडकीला नाक लावून पाहत राहिले. भुगा शोधत होते, नव्हता. पहिली पट्टी संपेपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.

"आवरण कशाचं आहे?"

"आंब्याचं," टोपातून आवाज आला, गाडग्यातून यावा तसा. "थे बी खायाचं."

परीक्षक हसले. तेवढंच. "पहिला क्रमांक," ते म्हणाले. "चार वाजता मुंबईचे पाहुणे येतील, पोशाख मंचावर न्या. आणि तेव्हा कारकून प्रमाणपत्राला नाव उतरवून घेईल. फळ्यावर असेल ते." एवढं सांगून ते पुढच्या दालनात गेले.

नारायणराव फळ्याशेजारी ताठ उभे राहिले. "मुख्याध्यापक एवढं पूर्ण लिहायला सांगा," ते म्हणाले. "चला बाई, निघा आता बाहेर. झालं तुमचं."

झुंबरबाईने खुर्ची ओढली आणि बसली.

"निघा म्हटलं ना!"

"नाव लिवा माझं. मंग निंगते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तं बसते. खायाले दोन पट्ट्या हायत. पाणी हाय. सात तास राह्यता येते यात, मास्तरनंच सांगतलं."

अरे देवा! आता काय करायचं? पोशाख मंचावर पाहिजे आणि पोशाखात बाई बसलेली. बाईमाणसाला हात कोण लावणार? हेडमास्तर मास्तरवर ओरडले, "ओढ तिले बाहेर!" इंद्रभान मास्तर पांढराफटक पडला, पण बोलला, "मी नाही हात लावणार, सर. माझं चुकलं ते चुकलं, पुढं नाही चुकणार." एवढं बोलून तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. बातमी लोणच्याच्या टेबलांपर्यंत पोचली तशी जनकाबाई सहा-सात बाया घेऊन आली आणि गराडा घालून बसली. "कोण हात लावते पाहू दे आमाले," ती म्हणाली आणि सुपारी कातरायला घेतली.

बारा वाजले. एक वाजला. झुंबरबाईने दुसरी पट्टी खाल्ली. पाणी ती बेताने पीत होती. कशाकरता ते बायांनी बरोबर ओळखलं. पाठ भिजली होती, मान आखडली होती, मेथीच्या लगद्याचा वास डोक्यात गेला होता. दीड वाजता उकंडराव मास्तरजवळ येऊन म्हणाले, "तिले म्हणा, घरी आली तं दार उघडं भेटणार नाई." टोप तिने त्यांच्याकडे वळवला, क्षणभर तसाच ठेवला आणि पुन्हा समोर केला. ती उठली नाही.

दोन वाजता हेडमास्तरांनी तळाच्या ओळीत एक शब्द वाढवला: 'ग्रामस्थ महिलांचे सहकार्य.' टोप डावीकडून उजवीकडे हलला. नाही. तीन वाजता लिहिलं: 'सौ. रामराव यांचे विशेष सहकार्य.' टोप हलला. नाही! तिने तिसऱ्या पट्टीचा घास तोडला. आता तोंडात चवही राहिली नव्हती, नुसता हट्ट राहिला होता.

पावणेचारला बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. नारायणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते फळ्यावरचा खडू घेऊन तिच्यापुढे आले आणि खिडकीसमोर नाचवत म्हणाले, "नाव पाह्यजे, नाव पाह्यजे! लिहिता तरी येते का तुले? आँ? घे, लिही!"

आणि तेव्हा झुंबरबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाच तास आपण कोणाकडे मागत बसलो? याच्याकडे? स्वतःचं नाव, ते याने द्यावं म्हणून? तिला स्वतःचाच असा संताप आला की आखडलेली मान एका झटक्यात मोकळी झाली.

ती उठली. बायांनी वाट दिली. कापूस ठासलेल्या हातमोज्यात खडू धरवेना, म्हणून दोन्ही तळव्यांच्या मध्ये दाबून धरला. आधी कोपराने 'नारायणराव, मुख्याध्यापक' पुसलं, एका फटक्यात. हेडमास्तर "अहो, अहो!" करत पुढे झाले, तर मध्ये जनकाबाई आली, अडकित्त्यासकट. झुंबरबाईने लिहायला घेतलं. टोपातून नीट दिसत नव्हतं. खडू दोनदा मोडला, दोनदा मास्तरने नवा दिला. अक्षरं विटेएवढी आली, वाकडी आली, 'ई' तर फळ्याच्या चौकटीवर गेली.

मग तिने टोप काढला. घामाने केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालबुंद. तेवढ्यात दारातून पाहुणे, परीक्षक आणि वही घेतलेला कारकून असे सगळे आत आले. कारकुनाने फळ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "कल्पना : झुंबरबाई." पेन थांबलं. "पुढे काय? नवऱ्याचं नाव? आडनाव?"

"रामराव," नारायणराव घाईने म्हणाले. उकंडरावांनीही तोंड उघडलं होतं.

"पुढं काई नाई," झुंबरबाई म्हणाली. "तेवढंच लिवा."

कारकुनाने हेडमास्तरांकडे पाहिलं, उकंडरावांकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं, आणि तेवढंच लिहिलं.